हे कशावरून?

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की शाह डोंगरावरची अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दुरूनच नजरेत भरते. ती कसली, असे कुणालाही विचारले तर 'चांदबीबीचा महाल' हेच उत्तर मिळते. सहलीला आलेल्या मुलांपासून पर्यटकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच नाव बसले आहे. प्रत्यक्षात तो महालही नाही आणि चांदबीबीने तो बांधलेलाही नाही. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. हा वजीर मुर्तझा निजामशहाच्या काळातला. मुर्तझाला लोक 'दिवाणा' म्हणत. तो माणसांत येईनासा झाला आणि राज्याचा गाडा ओढण्याचे काम वजिरावर आले. पुढे त्याच राजाने वजिराच्या कैदेचा हुकूम काढला. प्रतिकार कर, असा लोकांनी आग्रह धरला, तरी सलाबतखानाने धन्याचा हुकूम मानला आणि कैद पत्करली. १५८८ मध्ये मुर्तझाच्या मुलाने बापाला न्हाणीघरात कोंडून ठार केले. इतके नाट्य ज्या माणसाच्या आयुष्यात आहे, त्याचे नाव त्याच्याच कबरीवरून पुसले गेले आणि तिथे ओळखीचे, लाडके नाव येऊन बसले. गोष्ट रंगवण्यासाठी सत्य थोडे वाकवावे लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा या डोंगराकडे पाहावे. वाकवलेली गोष्ट इथे मूळ गोष्टीपेक्षा गरीब निघाली आहे.

इतिहासावरचे ललितेतर लेखन वाचनीय कसे करावे आणि तरी खरे कसे ठेवावे, हा प्रश्न मराठीत शंभराहून अधिक वर्षे चर्चेत आहे. चर्चेची मांडणी बहुतेक वेळा तराजूसारखी होते. एका पारड्यात रंजकता, दुसऱ्यात अचूकता. एक वर गेले की दुसरे खाली. मग अभ्यासकाने जड लिहावे, लेखकाने सैल लिहावे आणि वाचकाने आपल्या वकुबाप्रमाणे निवडावे, अशी वाटणी ठरून जाते. ही मांडणीच चुकीची आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. इतिहासाच्या गोष्टीतला सर्वांत पकड घेणारा भाग 'काय घडले' इतकाच नसतो, 'हे कशावरून?' हा प्रश्नही तितकीच पकड घेतो. जो लेखक हा प्रश्न वाचकापासून लपवतो, तो आपल्या हातातली निम्मी गोष्ट टाकून देतो. जो तो प्रश्न गोष्टीतच ओवून घेतो, त्याला कल्पनेची उसनवारी करावी लागत नाही. नगर जिल्ह्यापुरते पाहिले तरी याचे पुरावे भरपूर सापडतात.

आधी आपल्या परंपरेचा हिशेब मांडू. मराठी गद्यात इतिहासाची गोष्ट सांगण्याचा पहिला मोठा घाट म्हणजे बखर. बखरकाराला कथन येत होते. प्रसंग उभा करणे, माणसांच्या तोंडी भाषणे घालणे, घटनेचे वजन एका वाक्यात पेलणे, यात त्याचा हात धरणारे थोडे. पण अनेक बखरी घटनेनंतर दोन-तीन पिढ्यांनी लिहिल्या गेल्या. त्यांत सालांची गल्लत आहे, फौजेचे आकडे फुगलेले आहेत आणि ज्याच्या आज्ञेने लिहिले त्याच्या घराण्याची बाजूही आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतापर्यंतच्या दशकातली अस्सल पत्रे पुढे ठेवून त्यांनी बखरींतली विधाने तपासली, तेव्हा या परंपरेला जबर धक्का बसला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले आणि दप्तरे, माळे, पेटारे धुंडाळणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' बाहेर आणला, गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या साऱ्या सामग्रीतून रियासती लिहिल्या. या माणसांचे ऋण फिटणारे नाही. तरीही त्या काळात एक समज नकळत रुजला: पत्र म्हणजे सत्य आणि कथन म्हणजे संशयास्पद. साधने छापणे हे काम झाले, त्यांची गोष्ट करणे हे दुय्यम ठरले. मोकळ्या पडलेल्या त्या जागेत पुढे कादंबरी आली आणि ठाण मांडून बसली.

कथन आणि सत्य यांचे मुळातच वाकडे आहे काय? याचे उत्तर नेवाशाच्या एका कवीने देऊन ठेवले आहे. कवींद्र परमानंद नेवासकर यांनी शिवाजी महाराजांच्या हयातीत 'शिवभारत' हे संस्कृत काव्य रचले. ते अलंकारांनी नटलेले आहे, पुराणाच्या थाटाचे आहे आणि त्यात महाराज विष्णूचे अवतार आहेत. कोरड्या नजरेचा अभ्यासक असा ग्रंथ बाजूला सारील. पण शिवजन्माच्या तिथीचा वाद जेव्हा पेटला, तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. परंपरेने चालत आलेली तिथी शके १५४९ च्या वैशाखातली होती. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. शकावली म्हणजे साल, तिथी आणि घटना यांची निव्वळ जंत्री; तिच्यात ना उपमा ना भाषण. पुढे १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकर यांनी 'शिवभारत' मराठी भाषांतरासह छापले आणि त्या नटलेल्या काव्यातही तीच तिथी सापडली. कोरड्या जंत्रीला अलंकारिक काव्याने दुजोरा दिला. परमानंदांनी भाषा फुलवली, तिथी मात्र वाकवली नाही. नगरजवळच्या भातवडीला १६२४ साली झालेल्या लढाईचे, त्यात लढलेल्या शहाजीराजांचे आणि कामी आलेल्या त्यांच्या भावाचे, शरीफजींचे, वर्णनही याच काव्यात आहे. त्यातले शौर्याचे रंग कवीचे असतील, पण कोण कुठल्या बाजूने उभा होता हे ठरवताना अभ्यासकाला त्याच्याकडे यावेच लागते. कवीने शोभा कुठे आणली आणि माहिती कुठे दिली, हे ओळखता आले की दोन्हींचा उपयोग होतो. सजावटीने सत्य मरते हे खरे नाही. सजावट कोणती आणि माहिती कोणती हे कळेनासे झाले की ते मरते.

हीच सीमारेषा मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या बहराच्या काळात पुसट झाली. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ ची, 'श्रीमान योगी' १९६८ ची. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची आणि विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ ची. या कादंबऱ्यांनी लाखो घरांत इतिहास नेला आणि वाचनाची गोडी लावली. कादंबरी म्हणूनच त्या लिहिल्या गेल्या, त्यामुळे दोष त्यांचा नाही. दोष पुढच्या पायरीवर घडला. कादंबरीतले संवाद व्याख्यानांत आले, व्याख्यानांतून स्मरणिकांत आणि लेखांत आले आणि तिथे ते 'इतिहास' म्हणून छापले गेले. 'स्वामी'तल्या रमाबाई थेऊरला माधवराव पेशव्यांच्या मागे सती गेल्या, ही नोंदलेली घटना आहे. त्या दोघांचे एकांतातले बोलणे ही कादंबरीकाराची निर्मिती आहे. वाचकाच्या मनात मात्र दोन्ही एकाच खात्यावर जमा होतात. नरहर कुरुंदकरांनी 'श्रीमान योगी'ला लिहिलेली दीर्घ प्रस्तावना या दृष्टीने फार मोलाची आहे. महाराजांचे चरित्र कोणत्या प्रश्नांभोवती उभे आहे, कुठे साधने बोलतात आणि कुठे अन्वयार्थ लावावा लागतो, याची चर्चा ती कादंबरीच्या उंबरठ्यावरच करते. त्या प्रस्तावनेत एकही काल्पनिक संवाद नाही, तरी ती कादंबरीइतक्याच आवडीने वाचली जाते. विचार करणाऱ्या मनाची हालचाल वाचकाला खिळवून ठेवू शकते, याचा यापेक्षा चांगला दाखला मराठीत शोधावा लागेल.

आता चांदबीबीकडेच वळू, कारण नगरच्या इतिहासात सर्वांत जास्त रंग तिच्यावर चढले आहेत. हुसेन निजामशहाची ही मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तटबंदीच्या आत तिची हुकमत होती. तटाखाली सुरुंग पेरले जात असल्याची बातमी मोगल छावणीतूनच ख्वाजा मुहम्मदखान शिराझी याने आत पोचवली. आतल्यांनी खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसरा उडाला आणि तटाचा मोठा भाग कोसळला. त्या खिंडाराशी चांदबीबी बुरखा घेऊन, हाती उपसलेली तलवार धरून उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभा राहिला. हे आपल्याला कशावरून कळते? मुख्यतः फरिश्त्यावरून. फरिश्ता तरुणपणी नगरच्या दरबारी नोकरीला होता, मुर्तझाच्या खुनाच्या दिवसांत तो तिथेच होता. पण १५८९ मध्ये तो विजापूरला गेला. म्हणजे वेढ्याच्या वेळी तो नगरात नव्हता. शिवाय ज्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने इतिहास लिहिला, त्याच्या बालपणी विजापूरचा कारभार चांदबीबीनेच सांभाळला होता. तिच्याविषयी चांगले लिहिण्याचे कारण फरिश्त्याला होते. तरी तो समकालीन आहे, शहराचा माहितगार आहे आणि त्याच्या तपशिलात सुरुंगांची संख्या आणि बातमी देणाऱ्याचे नावही आहे. म्हणून त्याचे वजन मोठे. दुसरा थर शंभराहून अधिक वर्षांनंतरचा. तिने मोगल छावणीवर चांदीचे गोळे डागले, ही हकिकत मोगल इतिहासकार खाफीखानाने नोंदवली. तिसरा थर त्याच्याही पुढचा: तोफगोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत भरली, शेवटी जडजवाहीर डागले आणि मगच तह केला, ही दख्खनमधली दंतकथा. फरिश्ता, खाफीखान, लोकपरंपरा: काळ जसा पुढे सरकतो तसा तोफेतला धातू महाग होत जातो.

हे तीन थर एकत्र कालवून 'तिने सोन्याचे गोळे डागले' असे लिहिले की एक चमकदार वाक्य मिळते आणि बाई हरवते. थर सुटे ठेवले की दोन गोष्टी हाती लागतात. एक म्हणजे दख्खनने आपल्या नायिकेची आठवण दोन शतके कशी वाढवत नेली, याचा इतिहास. लोकांना ती किती प्रिय होती हे त्यावरूनच समजते. दुसरी म्हणजे सोन्याच्या झगमगाटाआड लपलेली खरी पेचाची घडी. १५९६ च्या तहात चांदबीबीने वऱ्हाड मोगलांना देऊन नगर वाचवले. शूर सेनानी म्हणून आपण तिला ओळखतो, पण काय सोडायचे आणि काय राखायचे याचा हिशेब तिला करता येत होता. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले तेव्हाही वाटाघाट करावी असे तिला वाटले. ती फितूर झाल्याची आवई उठली आणि किल्ल्यातल्याच लोकांनी तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६०० च्या ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. जिने तह करून शहर वाचवले तिचा तहाच्याच संशयावरून जीव गेला. हे लिहिण्यासाठी एकही शब्द कल्पावा लागत नाही. तहाची कलमे आणि मृत्यूची हकिकत शेजारी ठेवली की पुरे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. कागद तरी खरे बोलतात कशावरून? दरबारी तवारिखा पगारी लेखणीच्या, पत्रे स्वार्थाची, आकडे भीतीचे किंवा बढाईचे. मग कल्पनेवरच खोटेपणाचा आरोप का? आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा निघतो. मलिक अंबरचे उदाहरण घ्या. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला आणि त्याने मोगलांना अखेरपर्यंत दाद दिली नाही. जहांगीरचा चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढलेले एक चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे आणि त्या मुंडक्यावर घुबड बसले आहे. असे काही कधी घडलेच नाही. अंबर १६२६ पर्यंत जगला, म्हातारा होऊन नैसर्गिक मरणाने गेला. घटना म्हणून ते चित्र खोटे आहे, पण पुरावा म्हणून अस्सल आहे: हिंदुस्थानच्या बादशहाला दख्खनचा एक हबशी किती सलत होता, हे त्याच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरला शिव्या देतो. त्याचाच दरबारी इतिहासकार मुतमदखान अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ करतो. शत्रूने दिलेली ही दाद कुठल्याही स्तुतिपर संवादापेक्षा जड भरते. रिचर्ड ईटन यांनी २००५ मध्ये दख्खनचा सामाजिक इतिहास आठ माणसांच्या चरित्रांतून लिहिला, त्यांत अंबरवर एक प्रकरण आहे. फारसी तवारिखा, डच व्यापाऱ्याने केलेले अंबरचे वर्णन आणि आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराची माहिती त्यांनी एका सुतात ओवली आहे. ते प्रकरण कादंबरीसारखे वाचले जाते, त्यात कल्पलेले मात्र काही नाही. कागद खोटे बोलतो तेव्हा तो कुणासाठी आणि का खोटे बोलतो, हे विचारायचे असते. त्या उत्तरात पुष्कळदा अख्खी गोष्ट दडलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. साधने जिथे गप्प असतात तिथे लेखकाने काय करावे? कल्पना पूर्ण वर्ज्य केली तर चरित्र म्हणजे तुटक नोंदींची माळ होईल. यावर मराठी भाषेनेच एक सोय करून ठेवली आहे. 'म्हणे', 'असे सांगतात', 'असावा', 'असणार', 'दिसतो' हे शब्द आपण रोजच्या बोलण्यात किती काटेकोरपणे वापरतो! 'तो गेला', 'तो गेला म्हणे' आणि 'तो गेला असावा' या तीन वाक्यांतला फरक शेतावरचा माणूसही अचूक जाणतो. पहिल्यात माहिती आहे, दुसऱ्यात ऐकीव गोष्ट आणि तिसऱ्यात अनुमान. इतिहासलेखकाने हे शब्द सांभाळून वापरले तर कल्पनेला दार उघडे राहते आणि वाचकही फसत नाही. अहिल्याबाई होळकरांच्या चरित्रात याची फार गरज पडते. जामखेड तालुक्यातल्या चोंडीला १७२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. देवळात मल्हाररावांच्या नजरेस ही मुलगी पडली आणि त्यांनी तिला सून करून घेतली, ही कथा सर्वतोमुखी आहे. ती 'सांगतात' या शब्दाने सांगावी. गोड आहे म्हणून 'घडले' करू नये. दुसरी कथा अधिक घातक आहे: न्यायनिष्ठुर अहिल्याबाईंनी आपल्या मुलाला, मालेरावाला, हत्तीच्या पायी दिले. कीर्तनापासून शाळेतल्या भाषणापर्यंत ती रंगून सांगितली जाते. मालेराव गादीवर आल्यावर काही महिन्यांतच, १७६७ मध्ये, मनाच्या आजारात वारला. अहिल्याबाईंच्या मृत्यूनंतर तीस वर्षे व्हायच्या आत ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने माळव्यात चौकशी केली, तेव्हा आईनेच मुलाला मारले ही वदंता त्याच्याही कानावर आली. पुरावे पाहून त्याने ती नाकारली. पती कुंभेरीच्या वेढ्यात गेलेला, सासरा गेलेला, एकुलता एक मुलगा डोळ्यांदेखत भ्रमिष्ट होऊन गेलेला आणि त्यानंतरही अठ्ठावीस वर्षे राज्य चालवलेले. या बाईच्या न्यायबुद्धीला हत्तीची गरज नाही. त्या कथेने तिचा न्याय मोठा होत नाही. तिचे दुःख मात्र हिरावले जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो हलक्याने घेऊ नये. कागद राजांचे, वजिरांचे आणि सावकारांचे. ज्यांच्याकडे लेखणी नव्हती त्यांचा इतिहास 'कशावरून?' या एका प्रश्नानेच बाद होणार नाही काय? बाद होईल, जर पुरावा म्हणजे फक्त लिहिलेला कागद असे धरले तर. श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद पाहा. १९७४ मध्ये झाडाचे बुंधे खणताना भिल्ल समाजातल्या एका माणसाच्या हाती काशाच्या चार भरीव वस्तू लागल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला, वर माणूस उभा असलेला रथ. पुढच्या उत्खननांत तिथे प्राचीन वसाहतींचे एकावर एक थर उघडे झाले. त्या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या, असे पुरातत्त्वज्ञांमधले अनेक जण मानतात. धातूच्या घडणीवरून काहींनी शंकाही घेतली आहे. त्यांच्याबरोबर एकही अक्षर सापडलेले नाही, तरी प्रवरेकाठच्या माणसाला गेंडा ठाऊक होता हे ती मूर्ती सांगते. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून तर एका अख्ख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले, तेही मडक्यांच्या खापरांच्या आधाराने. जात्यावरची ओवी, शेताचे नाव, देवकाची चाल, बारवेची पायरी, आजीने सांगितलेली दुष्काळाची हकिकत हे सगळे पुरावेच आहेत. त्यांनाही तोच प्रश्न विचारायचा: कुणी सांगितले, कधी, आणि तेच दुसऱ्या कुणी सांगितले आहे का? प्रश्न विचारल्याने मौखिक परंपरेचा अपमान होत नाही. कागदाच्या बरोबरीने तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे हा तिचा मान आहे.

चौथा आक्षेप भावनेचा आहे. लोकांचे अभिमान इतिहासावर उभे असतात. चिकित्सेने ते दुखावतात, म्हणून लेखकाने जपून लिहावे, म्हणजे थोडे झाकावे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहापासून चोंडीच्या अहिल्याबाईंपर्यंतचा वारसा एकाच मातीत आहे आणि तो सगळा सांगायची जबाबदारी नव्या नावाने कमी होत नाही. आदर असेल तर माणूस पूर्ण पाहण्याची तयारी हवी. तपासलेला अभिमान वादात टिकतो. न तपासलेला अभिमान पहिल्याच कागदाने कोसळतो, आणि मग कागद आणणाऱ्यावर राग निघतो. वाचकाला कमी लेखणारा लेखकच असे झाकण घालतो.

उरला प्रश्न कारागिरीचा: कल्पिताशिवाय रंग भरायचा कसा? एक मार्ग म्हणजे तारखांची जुळणी. १७९५ हे साल घ्या. ११ मार्चला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याजवळ मराठ्यांनी एकत्र येऊन निजामाला हरवले. ऑगस्टमध्ये महेश्वरला अहिल्याबाई गेल्या. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव पेशवे गेले. आणि आठच वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने ८ तारखेला नगरची पेठ आणि १२ तारखेला किल्ला घेतला. या ओळी नुसत्या एकाखाली एक लिहिल्या तरी काळजात कालवाकालव होते. दुसरा मार्ग म्हणजे साधनांचा झगडा वाचकासमोर मांडणे. औरंगजेब नगरजवळ भिंगारला वारला, तो काही पुस्तकांत २० फेब्रुवारीला आणि काहींत ३ मार्च १७०७ ला. दोन्ही बरोबर आहेत. पहिली तारीख जुन्या युरोपीय पंचांगाची, दुसरी नव्या. एवढा खुलासा करताना लेखक वाचकाला काळ मोजण्याच्या इतिहासात फिरवून आणू शकतो. तिसरा मार्ग म्हणजे कुठे थांबायचे हे सांगून थांबणे. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना जवाहरलाल नेहरूंनी 'भारताचा शोध' लिहिला. बागेसाठी जमीन खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागले, पण खोल खणायची परवानगी नव्हती, असे ते सुरुवातीलाच नोंदवतात. खणणे जिथे थांबले तिथे शब्दही थांबले. वाचकाला मात्र जमिनीखाली आणखी काय असेल याची ओढ लागते. टिपांनी वाचक पळतो, अशी तक्रार प्रकाशक करतात. टिपा शेवटी ठेवाव्यात; पण पुरावा शेवटी ढकलू नये, त्याची जागा वाक्यात आहे. 'फरिश्ता सांगतो' हे दोन शब्द कुणालाच जड होत नाहीत.

या कामाची गरज केवळ मोठ्या ग्रंथांना नाही. जिल्ह्यात दरवर्षी शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघतात, साखर कारखान्यांचे गौरवग्रंथ निघतात, गावांचे इतिहास आणि घराण्यांच्या कुळकथा छापल्या जातात. उद्याच्या इतिहासकाराची साधने हीच आहेत. आज स्मरणिकेत ऐकीव वाक्य ठाम करून छापले तर पन्नास वर्षांनी ते 'छापील पुरावा' म्हणून उभे राहील. लिहिणाऱ्याने प्रत्येक ठाम वाक्यापाशी क्षणभर थांबावे, जुन्या इतिवृत्ताचे पान उलटावे, एकाऐवजी दोन वृद्धांना विचारावे आणि जे नक्की नाही तिथे 'म्हणे' लिहावे. वाचणाऱ्यानेही लेखकाकडे हे मागावे, कारण मागणी असेल तसेच लिहिले जाते.

यासाठी आदर्श शोधायला दूर जायला नको. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले, भाविकांनी प्रेमाने आपल्या ओव्याही घातल्या. १५८४ साली पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी या ग्रंथात आपली ओवी मिसळू नये, असे स्पष्ट बजावले. एकनाथ स्वतः थोर कवी होते. सुंदर ओवी रचणे त्यांना अवघड नव्हते. तरी दुसऱ्याच्या शब्दांत आपला शब्द घालणे त्यांनी निषिद्ध मानले. आपली प्रतिभा त्यांनी आपल्या नावाने, आपल्या ग्रंथांत दाखवली. इतिहास लिहिणाऱ्याने एवढा एक नियम पाळला तरी पुरे: रंग आपला असू द्यावा, ओवी ज्याची त्याचीच राहू द्यावी.